उजेड बाजूने येऊ द्या

या व्याख्यानमालेसाठी मी ‘निसर्गाचे छायाचित्रण’ हा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी दूरध्वनी करून हळूच विचारले, ‘‘पत्रात काही चूक तर झाली नाही ना?’’ त्यांचे आश्चर्य रास्त होते. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे. मी बोलावयाचे ते बोनसवर, ग्रॅच्युइटीवर, कंत्राटी कामगारांवर, अशीच समजूत असणार. दहावीनंतर मी शाळेचे तोंड पाहिले नाही. काही वर्षे लेथवर टर्नरचे काम केले, आणि पुढे जे काय शिकलो ते वाचून, विचारून आणि चुका करून. छायाचित्रणही तसेच शिकलो. तेव्हा मी कलावंत म्हणून येथे उभा नाही. माझ्या एका चुकीची किंमत दुसऱ्या माणसाला भरावी लागली आणि त्यानंतर मला उजेड म्हणजे काय हे पाहावयाची बुद्धी झाली. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे शास्त्र समजावयास सोपे जाईल.

सन १९९४ ची गोष्ट. एका फौंड्रीत आमचा एक मोल्डर लोखंडी जिन्यावरून पाय घसरून पडला. हातात जड पेटी होती, त्यामुळे कठडा धरता आला नाही, गुडघा निखळला. जिन्याच्या पायऱ्या चेकर प्लेटच्या होत्या. पाय घसरू नये म्हणून ज्या पत्र्यावर तिरप्या रेघा उठविलेल्या असतात, तो हा पत्रा. वर्षानुवर्षे बुटांनी आणि वाळूने घासून मधल्या तीन पायऱ्यांवरच्या रेघा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. हात फिरविला की कोणालाही कळावे! व्यवस्थापनाने मात्र ‘निष्काळजीपणा’चा ठपका ठेवून त्या मोल्डरवरच चौकशी बसविली.

मी एक कॅमेरा उसना घेतला, रात्रपाळीच्या वेळी आत गेलो आणि त्या पायऱ्यांचे फोटो काढले. अंधार होता म्हणून कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश लावला. रीळ धुवून आणले, फोटो मोठे करून घेतले, आणि मोठ्या ऐटीत चौकशीत सादर केले. चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो खिडकीकडे धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला आणि म्हणाले, ‘‘यात मला नुसता करडा पत्रा दिसतो. हा झिजलेला की नवा, हे मी कशावरून ठरवू?’’ ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. मी फोटो हातात घेऊन पाहिला, तर मलाही काही दिसेना. दुसरे फोटो काढावे म्हणून धावत गेलो, तो तिन्ही पायऱ्यांवर कोरा पत्रा बसविलेला! मोल्डरच्या दोन वेतनवाढी गेल्या. त्याचा गुडघा आजही पुरता वाकत नाही.

ते रीळ ज्या स्टुडिओत धुतले त्याचे वृद्ध मालक होते. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. मी त्यांच्यापाशी जाऊन कॅमेऱ्याला नावे ठेवू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग दुकानाचे दार ओढून अंधार केला आणि काउंटरवर आपली जुनी घोंगडी पसरली. हातातली बॅटरी माझ्या डोळ्यांजवळ धरून त्यांनी घोंगडीवर उजेड टाकला. ‘‘काय दिसते?’’ मी म्हटले, ‘‘काळे कापड.’’ मग त्यांनी तीच बॅटरी खाली, काउंटरच्या कडेला, घोंगडीच्या पातळीवर आणली. एकाएकी धागा न् धागा उभा राहिला. लोकरीची कुसे दिसली, विणीतले खड्डे दिसले, एका कोपऱ्यात कोणीतरी रफू केले होते तेही दिसले. अण्णा म्हणाले, ‘‘बाबा रे, तुझा कॅमेरा चांगला होता. तुझा दिवा चुकीच्या जागी होता.’’

यातले कारण साधे आहे. उंचवटा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा भिंगाच्या शेजारीच असला की प्रत्येक उंचवट्याची सावली बरोबर त्याच्या पाठीमागे पडते, आणि जेथून दिवा पाहतो तेथूनच भिंग पाहत असल्यामुळे ती सावली भिंगाला कधी दिसतच नाही. म्हणून समोरच्या फ्लॅशने काढलेला चेहरा भाकरीसारखा सपाट येतो. दिवा बाजूला नेला की सावली उघड्यावर येते. ‘पोत’ हा शब्द आपण कापडापासून घेतला. तो मुळात बोटांनी जाणावयाचा गुण आहे. दुकानात लुगड्याचा पोत पाहावयाचा म्हणजे आपण ते चिमटीत धरतो. कॅमेऱ्याला बोटे नाहीत. त्याला जे काय कळावयाचे ते उजेड आणि सावली यांच्या हिशेबातूनच कळते.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण येथे खरोखरच हिशेब आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असेल तर सपाट जमिनीवर वस्तूची सावली वस्तूच्या उंचीइतकीच पडते. तो ३० अंशांवर आला की सावली पावणेदोनपट होते, १० अंशांवर सुमारे ५.७ पट आणि ५ अंशांवर ११.४ पट. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या वस्तूची सावली सूर्यास्ताच्या सुमारास एक सेंटिमीटरहून लांब होते. माझ्या त्या चेकर प्लेटच्या रेघांचे असेच झाले असते. नव्या रेघेची लांब सावली, झिजलेल्या रेघेची आखूड; शेजारी शेजारी ठेवून कोणीही मोजून पाहिली असती.

पुढे मी सुटीच्या दिवशी सिंहगडाच्या वाटेवर जाऊ लागलो, तो प्रथम निसर्गासाठी नव्हे, तर या हिशेबाचा सराव करण्यासाठी. तेथला काळा कातळ म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा थंड झालेला थर. दुरून तो एकरंगी दिसतो. जवळ गेले की त्यावर करड्या, पांढुरक्या, पिवळसर खपल्या दिसतात. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याच्याच नात्यातली ही वनस्पती. वनस्पती म्हणतो खरा, पण बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. काही खपल्या दगडाला इतक्या चिकटलेल्या असतात की त्यांची जाडी मिलिमीटरभरही नसते. सकाळी दहा वाजता त्यांचा फोटो काढा, डाग पडल्यासारखा येतो. तोच फोटो सूर्य मावळताना, उजेड दगडाला घासून येत असता काढा. खपलीच्या कडा उचललेल्या दिसतात, मधल्या वाट्या दिसतात, दगडाचे बारीक खड्डे दिसतात, आणि एक हातभर कातळ विमानातून पाहिलेल्या मुलखासारखा वाटू लागतो.

या वेळेची एक अडचण आहे. ती फार थोडी असते. मे महिन्यात पुण्यास मावळता सूर्य १० अंशांवरून ५ अंशांवर यावयास सुमारे बावीस मिनिटे लागतात. एवढ्यात जागा शोधणे, तिपाई लावणे, भिंग नेमके करणे हे सारे बसत नाही. म्हणून दुपारीच जागा हेरून ठेवावी, आणि उजेड येण्याची वाट पाहत बसावे. संघटनेच्या कामाने मला वाट पाहत बसण्याची सवय लावली आहे. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझी अर्धी हयात गेली.

सकाळ-संध्याकाळ चांगली, दुपार वाईट, असे छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत सांगितलेले असते. हे अर्धेच खरे आहे. जमिनीला दुपारचा उजेड वाईट, कारण तो डोक्यावरून येतो. पण भिंत उभी असते! डोक्यावरून येणारा उजेड भिंतीला घासूनच खाली उतरतो. पूर्वेकडे तोंड असलेली कोणतीही भिंत घ्या. खऱ्या मध्यान्हाच्या तासभर आधी सूर्यकिरण तिच्याशी सुमारे १४ अंशांचा कोन करतात, अर्धा तास आधी सुमारे ७ अंशांचा. पुढे मध्यान्ह झाला की ती भिंत सावलीत जाते आणि पश्चिमेच्या भिंतीची पाळी येते. फक्त खरा मध्यान्ह घड्याळात बाराला नसतो हे लक्षात ठेवावे. पुण्यास मे महिन्यात तो साडेबाराच्या सुमारास होतो. मेच्या मध्याला तर सूर्य पुण्याच्या बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवसाला हल्ली शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि शाळांतील मुले उभी नळी ठेवून तिची सावली नाहीशी होताना पाहतात. त्याच वेळी मुलांनी शेजारच्या दगडी भिंतीकडे पाहावे. जमिनीवर सावली नाही, आणि भिंतीवर छिन्नीचा प्रत्येक घाव मोजून घ्यावा इतका स्पष्ट! किल्ल्यांचे तट, देवळांचे कोरीव खांब, वडाची साल, यांना भर दुपारच्या आगेमागेचा हा तास मला संध्याकाळपेक्षाही आवडतो. उन्हात उभे राहावे लागते एवढेच. डोक्याला पंचा बांधावा.

आता कोणी असे समजू नये की प्रत्येक वस्तूवर उजेड घासूनच पडावयास हवा. निसर्गात पोताखेरीज रंग आहे, घडण आहे. रंगाला कडक ऊन मानवत नाही. उजेड कडक की मऊ हे त्याच्या तेजावर ठरत नसून तो केवढ्या मोठ्या जागेतून येतो यावर ठरते. सूर्य प्रचंड आहे, पण आपल्या डोळ्याला तो फक्त अर्ध्या अंशाचा दिसतो. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पावणेतीन मीटरवर धरले तर दिसेल तेवढाच. एवढ्याशा टिकलीतून येणारा उजेड काळी, धारदार सावली पाडतो. आभाळ भरून आले की तोच उजेड ढगांत पसरतो आणि सगळे आकाशच दिवा बनते. सावलीच्या कडा विरघळतात. कासच्या पठारावर भाद्रपदात जी फुले येतात, त्यांचे जांभळे आणि गुलाबी रंग अशा ढगाळ उजेडात पाहावे. उन्हात त्याच फुलाची अर्धी पाकळी पांढरी फटक होते आणि अर्धी काळी. ऊन असलेच तर छत्री उघडून फुलावर धरावी. ढगाचे काम छत्री करते. मात्र फुलापाशी जावयाचे म्हणून दहा फुले तुडवू नयेत. २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर कासची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. त्या वारशावर पालथे पडून फोटो काढणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाशी माझे कडाक्याचे भांडणही झाले आहे.

ओल्या पानांची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात रान हिरवेगार असते, आणि फोटोत पांढुरके येते. का? पानावरच्या पाण्यात आभाळाचे प्रतिबिंब पडते आणि त्या चकाकीखाली हिरवा रंग झाकला जातो. यावर पोलरायझर नावाची काच भिंगासमोर लावतात. चकाकीतला उजेड बराचसा एकाच दिशेने थरथरणारा असतो. ही काच फिरवून त्या दिशेला आडवी केली की तो अडतो आणि खालचा रंग वर येतो. पाण्यावर हा उपाय सर्वांत चांगला लागू पडतो तो पृष्ठभागाकडे सुमारे ३७ अंशांच्या तिरपेपणाने पाहिले असता. तळ्यातले मासे, ओढ्यातले गोटे तेव्हा दिसू लागतात. धातूच्या चकाकीवर मात्र ही काच चालत नाही. मी आमच्या एका कारखान्यात पैज लावून हरलो, म्हणून सांगतो.

मऊ उजेड नुसत्या ढगांतूनच मिळतो असे नाही. कॅलिफोर्नियातील एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकाराने १९३० साली एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची ती काय! पण त्यात माणसाची पाठ वळावी, खांदा झुकावा अशी घडण दिसते, आणि तो फोटो आज जगभर ओळखला जातो. वेस्टनने ती मिरची पत्र्याच्या एका नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने उजेड परतून मिरचीवर चहूकडून येत होता, त्यामुळे सावलीतली बाजूही मेली नाही. मी हा प्रयोग घरी स्टीलच्या पातेल्यात वांगे ठेवून केला. वेस्टनची मिरची काही झाली नाही, पण वांग्याच्या सालीवरचा ताण आणि देठाचे काटे उत्तम आले. घरच्यांनी मग त्याच वांग्याची भाजी केली.

उजेड समोरून येतो, बाजूने येतो, वरून येतो, राहिला पाठीमागचा. ज्या वस्तूतून उजेड आरपार जातो तिला मागून उजळावे. पिंपळाचे पान उन्हासमोर धरा म्हणजे त्याच्या शिरा न् शिरा दिसतील. कासलाच सड्यावर ‘दवबिंदू’ नावाची एक इवलीशी कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या पानांवरील तांबड्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात, आणि त्यांत बारीक किडे अडकतात. समोरून उजेड असेल तर ती मातीत हरवून जाते. सूर्याच्या बाजूला तोंड करून, भिंगावर ऊन पडू नये म्हणून हाताची आड धरून पाहा. थेंब न् थेंब दिव्यासारखा पेटतो.

या पाठीमागच्या उजेडाचा एक मोठा साधक होऊन गेला, आणि तो माझ्यासारखाच शाळेबाहेर शिकलेला असल्यामुळे त्याच्याविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे गाव आहे. तेथे विल्सन बेंटले हा शेतकऱ्याचा मुलगा १८६५ साली जन्मला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला चौदाव्या वर्षापर्यंत घरीच शिकविले. त्या भागात बर्फ फार. मुलाला बर्फाच्या कणांचे वेड लागले. सूक्ष्मदर्शकातून पाहून तो त्यांची चित्रे काढी, पण चित्र पुरे होण्याआधी कण वितळून जाई. अखेर कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी बर्फाच्या एका कणाचा फोटो मिळविला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे त्याने शेती सांभाळून पाच हजारांवर फोटो काढले. कण काळ्या पाटीवर झेलावयाचा, पिसाने किंवा काडीने अलगद उचलून काचेवर ठेवावयाचा, श्वास आवरून धरावयाचा, कारण उच्छ्वासाने कण वितळे. आणि हे सारे गारठलेल्या खोपटात. कण पारदर्शक, म्हणून उजेड त्याच्या आरपार आणावयाचा. त्यांतील दोन हजार चारशेहून अधिक चित्रांचे पुस्तक १९३१ साली निघाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला.

बेंटलेवर एक आक्षेप आला होता, तो मला महत्त्वाचा वाटतो. मागून उजेड घेतल्यामुळे त्याच्या फोटोंत पार्श्वभूमी पांढरी येई आणि पांढरा कण तीत उठून दिसत नसे. म्हणून तो निगेटिव्हची एक प्रत करून तिच्यावरील रसायनाचा थर कणाच्या कडेकडेने चाकूने खरवडी. छापल्यावर भोवताल काळा होई. हेलमन नावाच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने याला हरकत घेतली. खरवडताना कणाची कडाच बदलत असेल तर ते निसर्गाचे चित्र कसले, असा त्याचा रोख होता. बेंटलेचे म्हणणे असे की कण जसा आहे तसा स्पष्ट दिसावा म्हणूनच मी हे करतो. मला बेंटले प्रिय आहे, पण येथे मी हेलमनच्या बाजूने आहे. भिंतीवर लावण्याच्या चित्रात हवे ते करावे. जे चित्र पुरावा म्हणून पुढे ठेवावयाचे, त्याला चाकू लागता कामा नये. उजेड हलवावा, कॅमेरा हलवावा, स्वतः हलावे. बेंटले मूळ निगेटिव्ह जपून ठेवी आणि खरवडकाम प्रतीवरच करी, हे त्याच्या बाजूने मोठेच म्हणणे आहे. आज मोबाइलवर फोटो ‘सुधारणाऱ्या’ प्रत्येकाने निदान एवढे तरी करावे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. भिंगाचे छिद्र लहान केले की जवळचे-दूरचे अधिक स्पष्ट येते, पण उजेड कमी पडतो आणि शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. ५० मिलिमीटरच्या भिंगावर एफ ८ म्हणजे सव्वासहा मिलिमीटर व्यासाचे छिद्र. भागाकार केला की झाले. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. मात्र छिद्र फारच लहान केले तर उजेड कडेला वळून चित्र पुन्हा पुसट होते. शटर संथ ठेवले तर धबधबा दुधाच्या धारेसारखा येतो. हल्ली ही दूधधारा फार लोकप्रिय आहे. मला ती पाहिली की पाणी नव्हे, कापूस पिंजून टाकला आहे असे वाटते. पाणी आपटते, फुटते, उडते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात ते दिसते.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे, कारण तिने पोताची फार नासाडी होते. कॅमेऱ्यातला उजेडमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परतविणारा करडा, असा तो नमुना सांगतात. काळा कातळ समोर आला की तो बिचारा समजतो की उजेड कमी आहे, आणि कातळाला राखेच्या रंगाचा करून टाकतो. पांढरा बगळा आला की उलटे. बगळा मळका होतो. म्हणून कातळाला मापकाच्या सांगण्याहून उजेड कमी द्यावा आणि बगळ्याला जास्त. कागदावर हे उलटे वाटते, पण करून पाहावे.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. तो एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकत्र करतो आणि सावल्या आपणहून उजळतो. सहलीच्या फोटोला ते ठीक. पण सावली उजळली की पोत गेला. चित्राच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा. सावल्या आपल्या जागी परत येतात.

आपल्याकडे हे प्रयोग कोणी केले नाहीत असे समजू नका. दादासाहेब फाळके यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’मुळे ओळखतो. पण १९१३ च्या त्या चित्रपटाआधी, लोकांचा विश्वास बसून भांडवल मिळावे म्हणून, त्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. कॅमेरा कुंडीसमोर कायम ठेवावयाचा आणि दिवसागणिक थोडी थोडी फिल्म चालवावयाची. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसते. फाळके एकेकाळी पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि छायाचित्रे काढण्याच्या कामावर होते. ज्याला दगडावरची जुनी कोरीव कामे टिपावयाची असतात त्याला उजेडाची वाट पाहावी लागते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. असा प्रयोग आज घरी कोणीही करू शकेल. मोबाइल एकाच जागी पक्का बांधावा आणि रोज त्याच वेळी, त्याच दिव्यात एक फोटो घ्यावा. खिडकीतल्या उन्हावर विसंबू नये. रोजचा उजेड निराळा पडतो आणि झाड वाढण्याऐवजी थरथरताना दिसते.

दरवर्षी पावसाळ्यात मी आमच्या संघटनेच्या तरुण पोरांना कातळावरचे शेवाळ पाहावयास नेतो. बरेचजण भज्यांसाठीच येतात, हे मला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी दोघे रात्री कार्यालयात आले आणि त्यांनी मोबाइलवरचे फोटो पुढे केले. वजन उचलण्याच्या चेनपुलीची साखळी होती. एकाने बॅटरी साखळीच्या पातळीवर आडवी धरली होती, दुसऱ्याने फोटो काढला होता, आणि कड्यांच्या शेजारी पोलादी पट्टी ठेवली होती. दोन कड्या आतल्या बाजूने किती खाल्ल्या गेल्या आहेत, हे सावलीवरून सरळ मोजता येत होते. समोरून फ्लॅश मारलेला एक फोटोही त्यांनी मुद्दाम काढून आणला होता. मी विचारले, ‘‘हा कशाला?’’ त्यावर एक जण म्हणाला, ‘‘भाऊ, यात काहीच दिसत नाही, हे साहेबांना शेजारी ठेवून दाखवायला.’’ दोन्ही फोटो अर्जाला जोडून दुसऱ्या दिवशी सकाळी दिले. तोवर साखळी जागेवरच होती.